वसमतच्या अंगणातली तुळस

माझा उजवा पाय अंगणात मांडीपर्यंत खाली गेला आणि तळाला काहीच लागेना. चप्पल सुटली. ती पाण्यात पडल्याचा आवाज आला तो फार खालून. समोरची तुळस, तिच्या सिमेंटच्या ओट्यासकट, माझ्याकडे कलू लागली.

"आत्या, हालू नका!" सून सविता ओरडली.

"मी काय नाचून राहिले का? तूच मागं हो. पोटुशी हायेस तू."

सकाळी आम्ही पुसेगावहून चांगल्या आनंदात निघालो होतो. माझा मुलगा दत्ता वसमतला नोकरीला आहे. बाळंतपणाआधी तिथं घर घ्यायचं ठरलं होतं. म्हणाला, "आई, तू चल. खोट काढण्यात तुझा हात कोणी धरणार न्हाई." ते खरंच आहे.

हिंगोलीला गाडी बदलली. औंढ्याच्या पुढं भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं सोडलं. सविताने तिचा वाटा खाल्ला, मग माझाही खाल्ला. वसमतला उतरल्याबरोबर हळदीचा वास आला. स्टँडवर दलाल उभाच होता.

पहिल्या घराशेजारी हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता. भिंत पिवळी, दोरीवरचे कपडे पिवळे.

"मावशी, हळद शुभ असते," दलाल म्हणाला.

"मग मी रोजच नवरी होऊ का?"

दुसरं घर दत्ताला आवडलं. नवी फरशी, मोठं अंगण, मधोमध तुळस. मी भिंती वाजवल्या, नळ सोडून पाहिले, संडासात डोकावले. खोट सापडेना. दलालाने तुळशीला लांबूनच हात जोडले. मला तो भाविक वाटला.

दत्ता इसार (सौद्याचे आगाऊ पैसे) द्यायला निघाला, तेव्हा सविता म्हणाली, "आधी तुळशीला पाणी घालते, फेऱ्या मारते." मी म्हटलं, मोठी मी आहे, आधी मी. तांब्याभर पाणी ओतलं. सगळं आत जिरलं, थेंबही बाहेर आला नाही. दुसऱ्या फेरीला पाय गेला.

दत्ता पोटावर झोपून माझे दंड धरून होता. तेवढ्यात शेजारच्या बाईने भिंतीवरून बाज (सुंभाची खाट) ढकलली. "ही आडवी टाका, हिच्यावर वढा!" बाजेवर ओढून त्यांनी मला बाहेर काढलं. मागून तुळस ओट्यासकट आत गेली.

"आड (अरुंद विहीर) हाय तिथं," शेजारीण म्हणाली. "मालकानं वर फळ्या टाकल्या, माती लोटली अन् तुळस मांडली. तुळशीवर कोन पाय देतंय?"

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी भिंतीला इचारलं, नळाला इचारलं. मला कुठं इचारलं?"

मी दलालाकडे वळले.

"मावशी, मला खरंच ठाऊक नव्हतं," दलाल म्हणाला.

"म्हणून लांबून हात जोडलेस व्हय रे?"

तो फटफटीला किक मारायला गेला. दत्ताने इसार खिशातच ठेवला. शेजारणीने चहा पाजला, माझा खरचटलेला पाय धुऊन त्यावर हळद भरली आणि पायात घालायला स्वतःच्या चपला दिल्या. त्या मी परत करायला गेले, तेव्हा तिनेच गल्लीतलं दुसरं घर दाखवलं. ते आम्ही घेतलं. अंगण लहान आहे, पण पहार मारून पाहिलं, खाली दगड लागला.

घर बघायला जाल तर आधी शेजारणीकडे पाणी मागा. भिंती नंतर वाजवा.

आडात माझी एक चप्पल आणि तुळस गेली. मी, सविता आणि तेव्हा तिच्या पोटात असलेली पोरगी, आम्ही तिघी वाचलो.