घासलेटावरचा उस्ताद

चढ लागला की आमच्या लॉरीचा ड्रायव्हर, उस्ताद, श्वास रोखून धरायचा. स्वतःचा तर रोखायचाच, पण लॉरीत बसलेल्या प्रत्येकाला रोखायला लावायचा. "वर हवा पातळ असती, पाणी घातलेल्या ताकावानी. इंजिन बी हवाच खातं. त्याच्या ताटातला घास तुम्ही कशाला उचलता?" टेंभुर्णीचे एक पाटील ऐन चढावर शिंकले, तर उस्तादाने लॉरी थांबवून त्यांना खाली उतरवलं आणि पायी चढायला लावलं. पाटील आमच्या आधी माथ्यावर पोचले, ही गोष्ट वेगळी.

हे ज्ञान त्याने लढाईतून आणलं होतं. इराणच्या डोंगरांत त्याने पलटणीच्या लॉऱ्या हाकल्या होत्या. तिथं म्हणे ढग चाकांत अडकायचे आणि ते उपसून काढायला एक माणूस नेमलेला असायचा. यातलं मी निम्मंच मानतो. ढग अडकत असतील, पण पलटण तेवढ्यासाठी माणूस देणार नाही.

पेट्रोल तो चाखून घ्यायचा. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं आणि विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढायच्या. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याची थुंकी आणि विकणाऱ्यांच्या पिढ्या दोन्ही संपत आल्या होत्या, कारण निजामाच्या मुलखात बाहेरचं पेट्रोल येणं बंद झालं होतं. मिळे त्यात निम्मं घासलेट. त्यावर लॉरी ओझं ओढू लागली की तांबटआळी अंगावर आल्यासारखी टणटण व्हायची. "चांगलं पेट्रोल ठिणगीची वाट बघतं," उस्ताद सांगायचा. "हे उतावळं. मुहूर्ताच्या आधीच अक्षता टाकून मोकळं."

मग एके दिवशी शेजारचं गाव जळालं. निजामाच्या बाजूचे बंदूकवाले आता आमच्याकडे येणार, असा सांगावा आला. तरणे गडी डोंगरातून पायी वऱ्हाडात, निजामाच्या हद्दीबाहेर, जाऊ शकत होते, बायका-पोरांचं काय? त्यांच्यासाठी गावात एकच लॉरी होती आणि वाट एकच, घाटाची. माथ्याच्या थोडं अलीकडे बंदूकवाल्यांचा नाका, पलीकडच्या उतारावर वऱ्हाड.

सगळे म्हणाले, रात्री निघू. उस्ताद म्हणाला, "रात्री चोर जातात. आपून दुपारी बारा वाजता जाऊ."

लॉरीत कडब्याच्या पेंढ्या रचून खाली पोकळी ठेवली. तिथं बायका-पोरं दाटीवाटीने बसली. त्यांत माझी बायको आणि नुकती मान धरू लागलेली आमची लेक. मी कडब्याचा मालक म्हणून उस्तादाच्या शेजारी.

गाव सोडलं आणि टणटण सुरू झाली. झाडावरचे कावळे उडून जालन्यापर्यंत गेले असतील. स्टिअरिंगखाली ठिणगी पुढंमागं करायचा दांडा होता. तो मागं घेतला की इंजिनाचा आवाज बसायचा, पण दमही जायचा. मी घाबरून म्हटलं, "उस्ताद, दांडा मागं घ्या ना. सारा मुलूख ऐकून राह्यला."

"ऐकू दे की. आवाज बंद केला तर तुझी पोर ऐकू येईल, येड्या."

तेव्हा कुठं मला दुपारचं गणित समजलं: उन्हात इंजिन जितकं तापेल तितकी टणटण जास्त.

पण घाट चढत गेलो तशी टणटण मंदावली. उस्तादाचं तोंड उतरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "पातळ हवेत वाईट पेट्रोल बी शहाण्यासारखं वागतं," तो पुटपुटला. "नको तिथं शहाणपण." आमचा डोंगर काही हिमालय नव्हे, पण त्या दिवशी तो इराणएवढा उंच झाला होता, हे मी शपथेवर सांगतो. इंजिन गप्प, दम गेलेला, लॉरी मुंगीच्या चालीने नाक्यासमोर आली. आणि नेमकी मागं माझी लेक कुरकुरली.

उस्तादाने दांडा पुरता पुढं ढकलला, मुद्दाम जड गिअर घातला आणि पाय दाबला. लॉरी गचके खात अशी टणटणली की नाक्यावरच्या चौघांनी कानांत बोटं घातली.

"क्या है पीछे?" एकाने ओरडून विचारलं.

"साब के घोडों का कडबा," उस्ताद त्याच्या वरताण ओरडला. "साब ऊपर शिकार को आ रै. इसमें आधा घासलेट है, चढती नै. घोडे भूके मरे तो जवाब तुम देना."

कोणता साहेब, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसांत साहेब फार झाले होते. बंदुका पाठीला टाकून चौघांनी लॉरीला खांदा दिला. उस्ताद खिडकीतून त्यांना शिव्या देत होता, "जोर लगाओ, खाना नै खाए क्या?" आणि ते बिचारे बराबर जोर लावत होते. पेंढ्यांआड माझी लेक गळा काढून रडत होती. ते रडणं फक्त मला ऐकू येत होतं, कारण मी बाप होतो.

त्यांनी आम्हाला माथ्यावरून वऱ्हाडात ढकललं.

पलीकडच्या गावात उस्तादाने स्वच्छ पेट्रोल चाखलं आणि पहिल्यांदाच गिळलं. लॉरी शिवणयंत्रासारखी मऊ चालू लागली. त्याने तिचं तोंड परत घाटाकडे वळवलं. आमच्या गावात आणखी म्हातारी माणसं, पोरं राहिली होती.

"उस्ताद, आता टणटण न्हाई. पोर रडलं तर?"

"मंग मी हाय की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती माणसं आली. सगळी आली, पण पायी, ओढ्याच्या घळीतून. त्यांनी सांगितलं ते असं, की उस्तादाने नाक्यावर लॉरी आडवी घातली, खाली उतरला आणि घासलेटाच्या भेसळीवरून बंदूकवाल्यांशी भांडण काढलं. एवढं मोठं, की सगळे त्याच्याभोवती जमले. तेवढ्यात ही माणसं मागच्या बाजूने उतरून घळीत शिरली. माथा ओलांडला तेव्हाही मागून त्याचा आवाज येत होता.

पुढे उस्ताद कुणाला दिसला नाही, लॉरीही नाही. लोक काय ते समजून गेले. मी नाही गेलो. मी त्या माणसाला ओळखत होतो. त्याचं भांडण अजून संपलेलं नसणार.