उंदीर-कुत्र्यांचा डेक

सोनेरी चौकटीच्या पत्त्यांवर जीव टाकणाऱ्या माणसांबद्दल मला कधी आदर वाटला नाही. मोबाईलवरच्या पत्त्यांच्या खेळात असे लोक ढिगाने भेटतात. यांना प्रत्येक पत्ता टाकण्याआधी विचार करायचा असतो. एक साधा शिपाई खाली ठेवायचा, तर वेळ मोजणारी वात जळून संपत येईपर्यंत थांबायचं, जणू मुलगी बघायला आलेत आणि पोहे खाऊन झाल्याशिवाय होकार-नकार द्यायचा नाही असं घरून ठरवून आलेत. तोवर माझे दोन उंदीर आणि एक खरजुलं कुत्रं त्यांच्या तोंडाचे लचके तोडून मोकळे झालेले असायचे.

मी हा खेळ शिकले लातूरला, चाळिशी आल्यावर, आणि तो मला माझ्या मुलाने शिकवला. आम्ही नांदेडचे. नवरा शाळेत मास्तर. मुलाने डॉक्टर व्हायचं हे घरात कोणी ठरवलं ते आठवत नाही. पाळण्यात नाव ठेवलं तेव्हाच ठरलं असावं. अकरावी-बारावी तो लातूरला होस्टेलात राहिला, परीक्षा दिली, नंबर लागला नाही. मग त्याला रिपीटर बॅचला घातलं आणि या खेपेला सोबत मला धाडलं, गॅस, कुकर आणि गाद्यांसकट. लातुरात याला रूम करून राहणं म्हणतात. पोरगं क्लासला जातं, आई खोलीत राहते, आणि बाप रोज संध्याकाळी फोन करून पोर्शन कुठवर आला ते विचारतो. बापाला वाटतं की विचारण्याचं काम सगळ्यात अवघड आहे.

आमच्या इमारतीत एका मजल्यावर सगळ्या अशाच आया होत्या. मालकाने मोठ्या खोल्यांच्या मधे प्लायवूड ठोकून लहान खोल्या केल्या होत्या. पलीकडच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या झाल्या की मी माझा गॅस बंद करायला उठायची. सकाळी पोरं गेली की आया पॅसेजमध्ये कोथिंबीर निवडत बसायच्या आणि रविवारच्या टेस्टचे मार्क एकमेकींकडून काढून घ्यायच्या. ‘आमच्याला यावेळी जरा कमीच पडले वो,’ असं म्हणणारीच्या लेकराला सगळ्यात जास्त असायचे. मला त्या बायकांचा वीट आला होता. मीही त्यांच्यातलीच एक होते, याचा तर जास्त.

क्लासचा नियम होता की पोरांनी स्मार्टफोन पालकांकडे जमा करायचा. आमच्या चिरंजीवाने तो माझ्या हातात ठेवला, जरा वेळ दारात घुटमळला आणि म्हणाला, “मम्मी, एक काम करशील? त्यात एक पत्त्याचा गेम हाय. रोज दोन-तीन डाव खेळ फक्त. न्हाई तर रोजचं बक्षीस जातं.”

“मला येत न्हाई.”

“येण्यासारखं काय न्हाई त्यात. आपला डेक लई स्वस्त हाय.”

डेक म्हणजे आपण निवडून जुळवलेला पत्त्यांचा कॅट. लोक खऱ्या पैशाने पत्त्यांची पाकिटं विकत घेतात आणि त्यातून सोनेरी अजगर, राजे, जादूगार काढतात. मुलाने एक पैसा घातला नव्हता, त्यामुळे आमच्याकडे उंदीर, कुत्री, चोर आणि एक दगड मारणारी म्हातारी एवढाच ऐवज. दर फेरीला दोघांचीही ताकद थोडी वाढते. स्वस्त पत्ते पहिल्या फेरीपासून टाकता येतात. अजगराला बऱ्याच फेऱ्या थांबावं लागतं. तो येण्याआधी समोरच्याचा जीव संपवला तर आपण जिंकलो, नाहीतर आपली जत्रा अजगराच्या एका फुंकरीत साफ.

“समोरच्याचे पत्ते मारत बसायचं न्हाई,” मुलगा म्हणाला. “तिकडं बघायचंच न्हाई. डायरेक्ट तोंडावर मारायचं.”

इतकी सरळ गोष्ट मला त्या शहरात आणखी कोणी सांगितली नव्हती.

कपडे वाळत घालायला म्हणून मी गच्चीवर जायची आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून खेळायची. दोन-तीन डावांचं बोलणं होतं, पण पाण्याचा टँकर येईपर्यंत माझे डाव सुरूच असायचे. समोर बहुतेक पैसेवालेच यायचे. सगळं चकचकीत, नावं इंग्रजी, आणि डावाच्या सुरुवातीलाच तयार वाक्यांतून एक नमस्कार पाठवायचे. मी कधी उलट नमस्कार केला नाही. चौथ्या-पाचव्या फेरीत त्यांचा जीव निम्म्यावर आला की त्यांना कळायचं, पण वळायचं नाही. ते अजगराची वाट बघत राहायचे. डॉक्टरकीच्या तयारीसाठी सहावीपासूनच फाउंडेशनच्या क्लासला घातलेली पोरं आणि त्यांचे आईबाप मला त्यांच्यात दिसायचे: सगळं भांडवल एका मोठ्या दिवसासाठी बांधून ठेवलेलं, आणि तो दिवस येईपर्यंत रोज मार खायची तयारी. मी त्यांना खुशाल कुत्र्यांच्या तोंडी द्यायची. मला फार बरं वाटायचं.

एकदा शेजारच्या खोलीतली देगलूरची बाई गच्चीवर आली. तिची मुलगी आमच्याच क्लासला होती. मी एवढी मन लावून काय करते ते तिने वाकून बघितलं. “अक्का, कोणतं अ‍ॅप हाय वो? टेस्ट सिरीज का?”

“हाव.”

“माझ्या पोरीला बी टाकून द्या की.”

“हे पोरांसाठी न्हाई, आयांसाठी हाय. आईचं चित्त एकाग्र झालं की लेकराचे मार्क वाढतात.”

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. आठवडाभरात अख्खा मजला मला त्या अ‍ॅपबद्दल विचारू लागला, आणि पालकसभेत एका आईने उभं राहून सरांनाच विचारलं की आयांचं अ‍ॅप क्लासकडून कधी मिळणार. क्लासचे मालक म्हणजे आमचे मोठे सर. चौकाचौकातल्या बोर्डांवर यांचा फोटो टॉपर पोरांच्या फोटोपेक्षा मोठा. त्यांनी एक क्षणही न अडखळता सांगितलं, “त्यावर आमचं काम चालू आहे, लवकरच आणतोय.” आया टाळ्या वाजवत होत्या. त्या दिवसापासून सरांच्या तोंडून निघालेला एकही शब्द मी खरा धरला नाही.

मुलगा रविवारी टेस्टनंतर तासभर फोन हातात घ्यायचा आणि मी काय दिवे लावलेत ते बघायचा. रँक चढली होती, पण त्याला एक गोष्ट पटायची नाही. “मम्मी, गेलेला डाव का खेळत बसतीस? हातात पत्ता न्हाई, समोर अजगर हाय. सोड ना. पांढरं निशाण दाब आन् दुसरा लाव. तेवढ्यात दोन जिंकशील.”

“आपल्याकडं मधेच सोडून उठत न्हाईत.”

“आपल्याकडं म्हंजे कुणाकडं?” तो म्हणाला आणि पुस्तक उघडून बसला.

आपल्याकडं म्हणजे माझ्या माहेरी. किल्लारीजवळचं गाव. भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं ज्यांची, ती माणसं गेली. कुडाच्या खोपट्यातली वाचली. मग आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. बाहेरून गाड्या भरून लोक यायचे, आम्हाला टिकल्यांच्या साड्या आणि लोकरीचे कोट वाटायचे आणि सगळे एकच सांगायचे: धीर सोडू नका. पुढे गाव नव्या जागी हलवलं. माझा चुलता हलला नाही. याच दगडांचं घर पुन्हा उभं करीन म्हणून तो जुन्या जागी एका छपराखाली बसून राहिला. येणारा-जाणारा त्याचा फोटो काढायचा. काय चिवट माणूस, असं म्हणायचा. त्याने एक भिंत उभी केली नाही. चुलती मात्र नव्या गावातून दोन वेळा त्याची भाकरी घेऊन चालत जायची, उन्हातान्हात, वर्षानुवर्षं. तिचा फोटो कोणी काढला नाही. लहानपणी मलाही चुलताच मोठा वाटायचा. आता त्या माणसाची आठवण आली की चीड येते.

मुलाचं म्हणणं मी हळूहळू शिकले. हात रिकामा झाला, समोर अजगर उभा राहिला, की निशाण दाबायचं. पहिल्या वेळी अंगठा जड झाला होता. मग सवय झाली. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही हे कळलं. उलट लाज त्या सोनेरीवाल्यांना वाटायला हवी होती, जे शेवटपर्यंत बसून राहायचे.

ते वर्ष असं गेलं. मुलगा वाळत गेला. मी क्लासच्या अभ्यासिकेत डबा घेऊन जायची तेव्हा तो मान वर न करता डबा घ्यायचा. वर्षभरात तो दुपारी कधी झोपला नाही. पुस्तकावर डोळा लागलाच तर नुसत्या बांगडीच्या आवाजाने दचकून उठायचा आणि विचारायचा, “किती वेळ झोपलो मी?” मी म्हणायची, झोपलाच न्हाईस. तो लगेच पान उलटायचा.

निकाल आला. आधीच्या वर्षापेक्षा कमी मार्क होते.

नवरा नांदेडहून आला आणि आम्ही तिघं मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गेलो. आणखी एक वर्ष रिपीट करायचं की पोराला घरी न्यायचं, एवढंच ठरवायचं होतं. नवऱ्याचं येतानाच ठरलं होतं. सरांचं तर पोरगं जन्मायच्या आधीच ठरलेलं असणार.

“काठावर हाय पोरगं,” सर म्हणाले. “अगदी काठावर.”

मागच्या वर्षीही काठावरच होता. यंदा मार्क उतरले तरी काठावर. सरांच्या नदीला नुसता काठच होता, पाणी कुठे नव्हतंच.

“काय रे, करशील ना?” सरांनी त्याला विचारलं.

“हाव सर,” मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला.

मला त्याचा असा संताप आला की तिथेच एक ठेवून द्यावी. गेलेला डाव कसा ओळखायचा ते ज्याने मला शिकवलं, तो इथे हात रिकामा असताना मान हलवत बसला होता. नवरा कृतार्थ चेहऱ्याने सरांकडे बघत होता. सरांनी माझ्याकडे वळून हात जोडल्यासारखे केले. “ताई, तुम्ही फक्त धीर सोडू नका.”

तोच आवाज. लोकरीचे कोट वाटणाऱ्यांचा. मला चुलती आठवली, डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन बांधावरून निघालेली. आणि अभ्यासिकेच्या जिन्यात डबा घेऊन उभी असलेली मी.

“सर, आम्ही चाललो,” मी उठले.

“म्हणजे?”

“पोराला घरी घेऊन चालले. नांदेडला बीएस्सी करंल न्हाई तर काही करंल. त्याचं तो बघंल.”

“ताई, एवढ्यात हार मानली तुम्ही?”

“हाव, मानली. तुमचं काय गेलं?”

“अगं, सरांशी कसं बोलून राहिलीस?” नवरा अर्धवट उठला, अर्धवट बसला.

“सरांशी बोलून झालंय. तुमच्याशी घरी बोलते.”

मुलगा बसूनच होता. मी त्याला उठ म्हटलं. तो हळू आवाजात म्हणाला, “मम्मी, अजून एक वर्ष केलं असतं मी.”

“माहीत हाय. तू दहा केली असतीस. उठ.”

दुसऱ्या दिवशी सामान भरायला जीप सांगितली. देगलूरच्या बाईने मला जिन्यात गाठून फार वाईट झालं म्हणून सांगितलं. तिच्या मुलीचाही नंबर लागला नव्हता. त्या दोघी राहणार होत्या. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कीव होती आणि तिला ती लपवताही येत नव्हती. जाता जाता तिने पुन्हा विचारलं, “अक्का, त्या अ‍ॅपचं नाव तरी सांगून जा की.” मी तिला सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की त्याने मार्क वाढत नाहीत. तिने त्यातलं पहिलंच ऐकलं असावं.

नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, तोंड फिरवून. मागे गाद्या, कुकर, आणि त्यांच्या मधे आम्ही मायलेक. फोन मी मुलाला परत देऊ केला तर तो नको म्हणाला. “तूच खेळ. मी बघतो.” लातूर मागे पडलं, सरांच्या फोटोचा शेवटचा बोर्डही गेला. मी डाव लावला. समोर एक सोनेरीवाला आला, नमस्कार पाठवणाऱ्यांतला. माझे उंदीर सुटले, कुत्री सुटली, म्हातारीने दगड मारले. चाकूर यायला झालं तेव्हा त्याचा जीव एवढासा उरला होता. माझी फेरी होती. एक कुत्रं त्याच्या तोंडावर ढकललं की संपलं.

तेवढ्यात मुलाचं डोकं माझ्या उजव्या हातावर कलंडलं. फोन त्याच हातात होता. तोंड उघडं टाकून, भर दुपारी, खड्ड्यांमधून जाणाऱ्या जीपमध्ये तो गाढ झोपला होता. पत्ता सरकवायचा म्हणजे हात हलणार, बांगडी वाजणार, आणि हा दचकून उठून विचारणार, किती वेळ झोपलो मी.

मी हात हलवला नाही. वात जळत जळत संपली आणि फेरी गेली. समोरच्याने सावकाश, भरपूर विचार करून अजगर काढला आणि माझी सगळी जत्रा एका फुंकरीत साफ केली. मग त्याने तयार वाक्यांतलं एक वाक्य पाठवलं: छान खेळलात. त्या गाढवाला वाटलं असेल, आपण जिंकलो.