धनेशला वाचता यायचं तेव्हा

खारबावला आमच्या आळीत विनिताचं नाव निघालं की अजूनही कुणी ना कुणी म्हणतंच, "हां, ती घरी शाळा चालवायची." शाळा वगैरे तिने काही चालवली नाही. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा घरातली तीन पोरं तिने पडवीत बसवली आणि मनासारखा अभ्यास झाल्याशिवाय उठू दिली नाहीत, एवढंच. पण तेवढंही आळीत दुसऱ्या कुणाला जमलं नाही, आम्हाला तर नाहीच, म्हणून तिचं नाव झालं. आणि एकदा नाव झालं की माणूस ते सांभाळायला लागतो.

विनिता बारावी झालेली. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. नवरा भूपेश टेम्पो चालवायचा. थोरली जाऊ मेघाली, तिचा नवरा मागेच वारलेला, ती गोदामात पॅकिंगला होती. पहिला लॉकडाऊन जरा सैल झाला तशी गोदामं सुरू झाली, कारण लोक घरात बसून सगळंच मागवायला लागले होते. मेघालीला ड्युटीचा निरोप आला आणि ती रडायला बसली. नोकरी सोडावी तर खायचं काय, आणि जावं तर शाळा बंद असताना पोरांना दिवसभर कुणाच्या जिवावर टाकायचं?

"तू जा वयनी," विनिता म्हणाली. "पोरांचा मी बघतंय. या घरातला एक पन पोर मागं पडनार न्हाय."

हे ती सासऱ्यांसमोर बोलली. सासरे महादूबाबा. त्यांच्यासमोर बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत स्टेशनापर्यंत जाते.

पोरं तीन. मेघालीची करिष्मा नववीत, तिचा भाऊ दीपेश पाचवीत, आणि विनिताचा स्वतःचा धनेश, नुकताच पहिलीत. म्हणजे त्याने अजून शाळेची पायरीही पाहिली नव्हती. घरात स्मार्टफोन एकच, तोही भूपेशबरोबर टेम्पोत फिरायचा. शाळेचा अभ्यास फोनवर यायचा आणि फोन संध्याकाळी यायचा. गावात ज्यांनी गोदामांना जमिनी देऊन दुमजली घरं बांधली होती, त्यांच्या पोरांना टॅब मिळाले. त्या टॅबवर काय चालायचं ते आम्ही खिडकीतून बघत होतो, त्यात अभ्यास फारसा नव्हता.

आता तीन वयांच्या पोरांना एका पडवीत एकाच वेळी शिकवायचं कसं? विनिताने जे पाहिलं होतं तेच केलं. तिची आई हौसाबाई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजीआधी धवलारीण लागते. ती धवला म्हणते, बाकीच्या बायका ओळ उचलतात, आणि हळद लागण्यापासून वरात निघेपर्यंत गाणं खंडत नाही. हौसाबाईला अक्षर येत नव्हतं, पण एका शब्दाला अडलेलं तिला कुणी पाहिलं नाही. विनिता लहानपणापासून आईच्या मागे बसून ओळी उचलत आलेली. जे तोंडात बसलं ते डोक्यात बसलं, याबद्दल तिला कधी शंकाच आली नाही.

म्हणून तिने पडवीत तसंच लावलं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. करिष्माचा इतिहास झाला की दीपेशचं परिसर, मग धनेशची बाराखडी आणि धडे. पुस्तक मधे ठेवायचं. ती स्वतः आतबाहेर करायची, भाकऱ्या थापता थापता कान पडवीकडे. आवाज थांबला की आतून ओरडायची, "काय रं, मुकी झालीव काय?" की लगेच आवाज चालू.

या पद्धतीचा फायदाही झाला, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. सतरांदा म्हटल्याने दीपेशचे पाढे पक्के झाले. करिष्माला तर धाकट्यांना सांगता सांगता स्वतःचंच कळायला लागलं. पण खरा चमकला तो धनेश. दिवाळीपर्यंत पहिलीचं पुस्तक तो धडाधड वाचायला लागला. पुढच्या वर्षी शाळेने न बघताच त्याला दुसरीत घातलं, आणि दुसरीचं पुस्तक हातात पडून महिना होतो न होतो तोच तेही त्याने घडाघडा म्हणून दाखवलं. वर दीपेशच्या सहावीतलं पान उघडलं तर तेही.

महादूबाबांना मग दुसरा उद्योग राहिला नाही. कुणी पाणी प्यायला जरी आलं तरी "थांब, नातवाला वाचताना ऐकून जा." धनेश मांडी घालून बसायचा, शेजारी करिष्मा पुस्तक धरून. पोरगं वाचायचं, पाहुणे मान डोलवायचे, विनिता दाराशी पदराला हात पुसत उभी. त्या वेळचा तिचा चेहरा आम्ही बघितलाय. त्या दिवसांत कुणाचाच चेहरा तसा दिसत नव्हता. घराघरात आजार, भीती, बंद पडलेले धंदे, आणि ही बाई आपली खूश. आम्हाला थोडा राग यायचा, खोटं कशाला बोला.

पुढे नवरात्रात सरकारने देवळं उघडली. विनिताने ठरवलं, वज्रेश्वरीला जाऊन देवीची ओटी भरायची. करिष्माचं दहावीचं वर्ष, तिचे वर्ग नुकतेच सुरू झालेले, दीपेशचेही. धाकट्यांची शाळा अजून बंदच होती. तेव्हा ती धनेशला घेऊन एकटीच निघाली. भिवंडीच्या स्टँडवर ही गर्दी. दीड वर्ष कोंडलेले लोक एकदम देवाला निघालेले. ती नारळ आणि खण घेत होती, तेवढ्यात गाडी लागली आणि माणसं धावली. पुढे उंच उंच माणसं, तिला पाटी दिसेना. धनेश मात्र पायांतून वाट काढत पार पुढे पोचलेला.

"धनेश, पाटी बघ! कनची गाडी हाय?"

"हीच हाय आई! वज्रेश्वरी! चढ!"

ती चढली. जागाही मिळाली. कंडक्टरने तिकिटाला हात पुढे केला तेव्हा गाडी गावाबाहेर पडली होती.

"वज्रेश्वरी, एक फुल एक हाफ."

"बाई, ही वाड्याची गाडी. वज्रेश्वरीची मागून होती. पाटी वाचायची ना चढताना."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. विनिताही हसली, पोराने घाईत बघितलं असेल. कंडक्टरने अंबाडीला उतरायला सांगितलं, तिथून वज्रेश्वरीला काही ना काही मिळतं. अंबाडी नाक्यावर उतरल्यावर रिक्षाची वाट बघता बघता तिने सहज समोरच्या दुकानाची पाटी दाखवली. "हे काय लिवलंय रं?"

धनेशने पाटीकडे बघितलं नाही. त्याने आईच्या तोंडाकडे बघितलं. आई पहिला शब्द म्हणेल, मग आपण उचलू, असा थांबला. पण तिच्या तोंडावर मास्क होता आणि ती काही म्हणत नव्हती.

"वाच की."

"तू सुरू कर ना."

तिने दुसरी पाटी दाखवली. मग तिसरी. मग हातातल्या पिशवीवरची मोठी अक्षरं. शेवटी तिकिटावरचं एकच अक्षर, बोट ठेवून. आणि मग त्याने पहिलीच्या पुस्तकातला पहिला धडा सुरुवातीपासून म्हणायला घेतला, हात जोडल्यासारखे छातीशी धरून, रस्त्याच्या कडेला, मोठ्याने. एकही चूक न करता. तो धडा संपेपर्यंत विनिता त्याला थांब म्हणू शकली नाही.

देवीपुढे मागायचं ठरवून आली होती ते करिष्माच्या दहावीचं. ओटी भरली, हात जोडले, आणि काय मागायचं तेच आठवेना. तशीच परत फिरली.

घरी आल्यावर तिने धनेशला हात लावला नाही. करिष्मा वर्गावरून आली तिला मागच्या अंगणात बोलावलं. हे सगळं आम्हाला कळलं कारण आमची मोरी त्या अंगणाला लागून आहे, आणि विनिताचा आवाज कधीच बारीक नव्हता.

"त्याला एक अक्षर येत न्हाय. तू बाजूला बसतंस ना? तुला दिसलं न्हाय?"

करिष्मा म्हणाली, "ठाव व्हता काकी."

"कवापासून?"

"पहिल्यापासून. पान उलटायचं आलं की मी त्याला कोपरानं ढोसायचे. एकदा चुकून दोन पानं उलटली, तरी तो मधलं सुटलेलं पानच वाचत व्हता. दीपेशला पन ठाव हाय."

"आन मला सांगितलं न्हाय?"

"सांगितलं असतं तर तू म्हटलं असतंस, दुसऱ्यांच्या पोरांपायी माजा पोर राहिला. मग तू आमाला कशाला बसवलं असतंस? मम्मीला नोकरी सोडायला लागली असती. मना घरात बसायला लागला असता." पोरीचा आवाज फुटला. "आन तू किती खूश व्हतीस. तेवढी खूश तुला कवा बघितली न्हाय आमी."

बादली पालथी पडल्याचा आवाज आला आणि करिष्मा हुंदके देत राहिली. मग विनिता एवढंच म्हणाली, "डोळे पूस. वयनी येल आता. तिला काय सांगायचा न्हाय." आम्हाला तेव्हा तिचं वाईट वाटलं. राग वगैरे सगळा उतरला.

दुसऱ्या दिवसापासून पडवी शांत झाली. आळीला वाटलं, बाईचा जोर संपला. संपला नव्हता. मोठी दोन्ही पोरं शाळेत गेली की ती धनेशला घेऊन चुलीपाशी बसायची. पुस्तक काही कामाचं नव्हतं, पुस्तक त्याला पाठ होतं. कुठलंही पान काढा, पहिला शब्द ओळखीचा दिसला की गाडी सुटलीच. म्हणून ती जमिनीवर खडूने स्वतःच्या मनाने लिहायची, कुणी कधी म्हटलेलं नाही असं काहीतरी. "कोंबडी टेम्पोत बसली." "बाबांनी माझी भाकर खाल्ली." धनेश रडायचा. ज्याला अख्खं गाव शाबास म्हणत होतं त्याला आता 'क'पाशी अडायला लागत होतं, आणि तेही आईसमोर. दोनदा पळून स्टेशनावर जाऊन बसला. तिनेच धरून आणला.

आणि ती तोंड मिटून बसायची. हे तिला सगळ्यात अवघड गेलं असणार. पोरगं अडलं की ओठ हलायला लागायचे, मग ती पदर तोंडात धरायची. आम्ही मीठ मागायला गेलो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. तिने वर बघून हाताने खुणावलं, डबा तिकडे आहे, घ्या आणि जा.

डिसेंबरात धाकट्यांची शाळा उघडली. धनेश दुसरीच्या वर्गात जाऊन बसला. बाईंनी काय म्हटलं, काय नाही, कळलं नाही. विनिता विचारायलाही गेली नाही, पण सकाळी त्याला सोडताना फाटकापाशी फार वेळ उभी राहायची.

थंडीत गावात क्रिकेटचे सामने असतात. केसरीनाथ दरवर्षी ते भरवतो. तो आमंत्रणाचं छापील पत्रक घेऊन महादूबाबांकडे आला, आम्हीही पडवीत बसलो होतो. बऱ्याच दिवसांनी बाहेरचं माणूस आलेलं, बाबांना हुरूप आला. "ये धनेश, केसरीनाथकाकाला वाचून दाखव." आणि त्यांनी पत्रकच त्याच्या हातात दिलं.

विनिता आतून दारात आली.

धनेशने कागद जमिनीवर ठेवला. बोट ठेवलं. "स... सा... म... सामन्... सामन्यां... सामन्यांचे." थांबला. श्वास घेतला. "आ... यो..." मग बोट मागे नेलं, पुन्हा सुरू केलं. एका ओळीला एवढा वेळ लागला की केसरीनाथने खिशातून फोन काढून पाहिला आणि परत ठेवला. घामाने पोराचं कपाळ ओलं झालं. तरी तो दुसऱ्या ओळीला गेला.

महादूबाबांचा चेहरा पडला. "असा काय करतंस रं? आधी कसा घडाघडा वाचायचास!" मग केसरीनाथकडे वळून अगदी खाजगी दुःख सांगावं तसे म्हणाले, "आमच्या सूनबाईनं इतका चांगला तयार केला व्हता. शाळेत गेला आन बिघडला बघ."

केसरीनाथने चुकचुकून मान हलवली. "आजकाल शाळेत शिकवतात कुठं."

आम्ही विनिताकडे पाहिलं. वाटलं, आता हिचं तोंड सुटणार. ती दाराला टेकून उभी होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"बाबा, तुमी मधी बोलू नका," ती म्हणाली. "वाचू द्या त्याला."

आणि धनेशने बोट पुढच्या शब्दावर ठेवलं.