कुपीतला निळा रंग

भाचीच्या प्रयोगशाळेत दिव्यासमोर एक काचेची कुपी होती. उजेडाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन काढायचा तिचा खटाटोप कित्येक महिने चाललेला. बघता बघता कुपीतलं पाणी गर्द निळं झालं.

"वा, जमलं की!" मी म्हणालो.

"नाही मामा, अडलं. उजेडाने सुटलेला इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं द्रव्य यात आहे. ते त्याला धरून बसलं की निळं होतं. देऊन टाकला की परत बिनरंगी."

पंगतीत वाढप्याची बादली काठोकाठ असते, तेव्हा पानं कोरडी असतात. डोळ्यांत मात्र बादलीच भरते.

भाचीने बुचातून सुईने काळसर द्राव सोडला. इलेक्ट्रॉन घेऊन पाण्याला देणारा नवा गडी. निळाई विरली. काचेला हायड्रोजनचे बारीक बुडबुडे धरले.

आता कुपीत बघण्यासारखं काही नव्हतं. भाची तेवढी टक लावून बघत होती.