वाफा भरत आल्याचा आवाज

प्रिय नीला आणि अरुण,

माझा उजवा कान आता पुरता गेला. डावा जाण्याआधी लोणारच्या प्रवासाचं लिहून ठेवते. इतक्या दूर तुम्हाला हे सांगणारं दुसरं कोणी नाही.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, आणि तुमच्या आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं. मी रोज घड्याळ लावून तासभर देवघरात बसत असे. तास भरे, बाकी काही होत नसे. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, शांताचं, पत्र आलं. तिला लिहिता येत नाही. गावातल्या मास्तरांनी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते : 'मले एकटं वाटत नाही. वाडीत देव संगं असते.' तीही माझ्यासारखीच विधवा. मी इंग्रजी शिकले, ती शाळेतून पळून यायची. आणि तिला मिळावं, मला नाही? खरं सांगते, ते खोटं निघावं म्हणूनच मी गेले.

जालन्याहून एस.टी. धरली. दुसरबीडला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईने भज्यांचा पुडा पुढे केला. मी माझा डबा दाखवला.

"घरचं त रोजच खाता. कुठं जाऊन राह्यल्या?"

"लोणारला, बहिणीकडे."

"बिमार हाय का?"

"नाही, सुखात आहे."

"मंग तुमचं तोंड काऊन (का) असं?"

मी एक भजं घेतलं.

लोणारच्या बाहेर झऱ्याच्या पाण्यावर शांताची वांग्या-मिरच्यांची वाडी आहे. भाकरी-ठेचा झाल्यावर तिने मला वाफ्यांना पाणी द्यायला बसवलं आणि स्वतः मिरच्या तोडायला गेली. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं. पहिल्याला नऊ मिनिटं लागली. मी सगळ्यांनाच नऊ मिनिटं ठरवली आणि मधल्या वेळात स्तोत्र म्हणू लागले.

तिसऱ्या वाफ्याला शांता पाठमोरीच म्हणाली, "आक्का, बांध फुटला."

पाणी कांद्याच्या रोपात शिरलं होतं. दोघींनी चिखलात बसून रोपं सावरली.

"न बघता तुला कसं कळलं?"

"वाफा भरत आला का पाणी गप होते. तू घड्याळ पाहून राह्यली, अन् वरून तोंडही चालू."

"आणि तुझा देव?"

"तो काय वेगळा हाय? गप राह्यलं का असते इथंच."

ती रागावली नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

घड्याळ ट्रंकेत गेलं. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन बांध फुटले. शेवटच्या सकाळी पाण्याची खळखळ मऊ होत होत थांबली, आणि त्या शांततेत मी एकटी नव्हते. याहून नीट मला सांगता येत नाही. लगेच मनात आलं, हिला हे रोज मिळतं. तेवढ्यात ते गेलं. पाणी मात्र वेळेवर पुढच्या वाफ्यात वळवलं.

निघताना पिशवीत वांगी भरत शांताने विचारलं, "होता का?"

"गाडीची वेळ झाली," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर कळलं, की घड्याळ ट्रंकेत ठेवलं तरी मोजणं माझ्याबरोबर वाडीत आलं होतं : तिला किती, मला किती.

तो हेवा अजून पुरता गेलेला नाही. पण सकाळी नळाखाली हंडा भरत आला की आवाज बदलतो. मी पाठमोरी असले, तरी डाव्या कानाला तो अजून ऐकू येतो.