जागा गोठवावी

डिप्लोमा झालेल्या पोरांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यांना वाट दाखवायचं काम आमच्या तंत्रनिकेतनात माझ्या गळ्यात पडलं होतं. मार्गदर्शन कक्ष म्हणजे एक टेबल, रडत चालणारा प्रिंटर आणि माझी जीभ. त्यात मला शुद्ध मराठीची भारी हौस. वेबसाइटवरच्या सूचना मीच मराठीत उतरवून भिंतीवर लावल्या. प्राचार्यांनी पाठ थोपटली आणि मी आठवडाभर फुगून फिरलो.

लागलेली जागा पक्की करायची तर वेबसाइटवर ‘फ्रीज’ निवडावं लागतं. मी लिहिलं, ‘जागा गोठवावी’.

त्या वर्षी आमच्या तंत्रनिकेतनात पहिली आलेली मुलगी हसनाबादची. तिला शहरातल्या सरकारी कॉलेजात जागा लागली. वडिलांची अट एकच होती. सरकारीत लागली तरच शहरात पाठवणार, नाहीतर शिक्षण बंद.

जागा पक्की करायच्या शेवटच्या दिवशी तिचे दोन फोन आले. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा पीत होतो. नंतर करू म्हटलं आणि विसरलो. कामात होतो वगैरे काही नाही, सरळ विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मुदत संपली होती, बटन दाबलेलंच नव्हतं, जागा गेली होती.

“सर, गोठवलं म्हंजे बंदच की,” वडील म्हणाले. “माझ्या पुतण्याची मास्तरची भरती गोठवली, ती अजून चालू झाली न्हाई. म्हणून म्या म्हणलं, त्या बटनाला बिलकुल हात लावू नको.”

“मी म्हणले व्हते, सरांना इचारू,” मुलगी म्हणाली. “फोन लावून राह्यले व्हते.” ती माझ्याकडे बघत होती. मी कॉम्प्युटरकडे बघितलं.

पुढच्या फेरीची यादी काढली. तिच्या शाखेची सरकारी जागा एकही उरली नव्हती.

“मंग राहू द्या,” वडील म्हणाले. निघताना त्या माणसाने हात जोडले. “चूक आमचीच हाय, सर. आम्हाला मराठी बी बराबर कळंना.”

तो शब्द माझा होता, ते फोन मलाच आले होते. एवढं एक वाक्य तोंडातून निघायला हवं होतं.

“असू द्या,” मी म्हणालो, “होतं असं कधीकधी.”

मी त्यांना माफ केलं.