पेचांचा नकाशा

पांढुर्ण्याच्या स्टँडजवळचा मोबाईल दुरुस्तीवाला नळाच्या घाण पाण्याबद्दलच्या आमच्या निवेदनावर सही करत नव्हता. तीनदा मागितली. "दुकानदाराले साऱ्यांशी जमवून राहा लागते, ताई." तुम्ही भित्रे आहात, असं मी तोंडावर सांगितलं. त्यानं मान डोलावली.

परवा माझाच फोन पडला आणि स्क्रीन काळी झाली. नळाचा फुटका पाइप गटारात बुडालेला आहे, याचा एकमेव व्हिडिओ त्यात होता. त्याच दुपारी तो निवेदनासोबत नगरपालिकेच्या साहेबांना दाखवायचा होता.

मी त्याच्या टेबलावर ठेवलेलं आमचंच निवेदन त्यानं पालथं घातलं, त्यावर फोनचं चित्र काढलं आणि निघालेला प्रत्येक पेच चित्रात आपापल्या जागी ठेवला.

"जनतेच्या कागदावर पेच?"

"लांब पेच आखूडच्या जागी गेला का नवी स्क्रीन बी जाते. गप बसा ना जरा."

नवी स्क्रीन लागली. व्हिडिओ त्यानं दोनदा पाहिला.

"हा आमच्या गल्लीतला पाइप हाय. आमी तं पाण्यातली घाण गंज समजून गाळून पिऊन राहिलो."

मग रिकामा झालेला कागद सुलटा केला आणि खाली सावकाश सही केली.

साहेबांनी नेमकं त्या सहीवर बोट ठेवलं. "हा कोण?"

माहीत नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं.